उथळ नदीत मासेमारीसाठी आउटबोर्ड मोटर कोणती घ्यावी?

प्रश्न: डोहकाठ

गळाने मासे पकडण्यासाठी माझ्याकडे १४ फूट लांबीची, सपाट तळाची अ‍ॅल्युमिनियमची होडी आहे. तळाची रुंदी सुमारे ४ फूट, मागच्या फळीची (जिथे मोटर बसते ती) उंची १५ इंच आणि निर्मात्याच्या पाटीवर लिहिलेली मोटरची कमाल मर्यादा १५ हॉर्सपॉवर आहे. आतापर्यंत वल्ह्यांवर भागत होते. पण आता सुमारे चार किलोमीटर प्रवाहाविरुद्ध वर जाऊन मासेमारी करायची आहे. होडीत नेहमी दोघे असतो.

नदीत एकामागून एक डोह आहेत आणि प्रत्येक दोन डोहांच्या मध्ये गोट्यांचा खळाळ आहे. पाणी कमी असते तेव्हा खळाळावर २५ ते ३० सेंटिमीटरच पाणी उरते, आणि काठाने काही ठिकाणी दाट पाणगवत आहे. विक्रेते सरळ १५ हॉर्सपॉवरची मोटर घ्या म्हणतात, काही जाणकार जेट सुचवतात, आणि लाँगटेल व विजेवरच्या मोटरीचाही सल्ला मिळाला आहे. या चारांपैकी माझ्या नदीला आणि माझ्या होडीला काय जुळेल, हे कारणांसह समजून घ्यायचे आहे.

उत्तर १: वल्हेकरी

हॉर्सपॉवरचा विचार थोडा मागे ठेवून तुमची होडी भरल्यावर पाण्यात किती बसते, याचा हिशेब आधी करावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. एक घनमीटर गोड्या पाण्याचे वजन १००० किलो असते. तुमच्या होडीच्या तळाचे पाण्याला टेकणारे क्षेत्रफळ साधारण ४ चौरस मीटर धरले, तर प्रत्येक ४० किलो वजनामागे होडी एक सेंटिमीटर खाली बसते. होडी, दोन माणसे, इंधन, नांगर आणि सामान मिळून २८० किलो धरल्यास, आणि वजन पुढे-मागे समतोल वाटलेले असल्यास, ती सुमारे ७ सेंटिमीटर बसेल.

मोटर मात्र होडीच्या अगदी टोकाला टांगलेली असते, आणि तिथल्या वजनाचा परिणाम वेगळा असतो. आयताकृती सपाट तळाच्या होडीत मागच्या टोकावर ठेवलेले वजन मागचा भाग सरासरीच्या जवळजवळ चौपट खाली दाबते. चार-स्ट्रोक १५ हॉर्सपॉवरची मोटर ४५ ते ५० किलोची असते. तिच्यामुळे मागचा भाग आणखी ५ सेंटिमीटर दबेल. सहा हॉर्सपॉवरची चार-स्ट्रोक मोटर २५ ते २७ किलोची असते, आणि तिच्यामुळे हाच दाब अडीच सेंटिमीटरच्या आसपास राहील.

यात पंख्याची खोली मिळवा. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी लागते. नाहीतर पंखा हवा ओढतो आणि जागच्या जागी नुसता फिरतो. म्हणजे संपूर्ण पंखा आणि त्याच्या खालचे पाते हे तळाच्या खालीच राहणार. पंधराच्या मोटरीत हा भाग साधारण २७ सेंटिमीटरचा आणि सहाच्या मोटरीत २३ सेंटिमीटरच्या आसपास असतो. एकूण हिशेब अनुक्रमे ३९ आणि ३२–३३ सेंटिमीटरवर येतो. तुमच्या खळाळावर ३० सेंटिमीटर पाणी आहे, तेव्हा सरळ उभ्या स्थितीत यांपैकी एकही मोटर तिथून जाणार नाही. पण सहाची मोटर उथळ पाण्याच्या खाचेत (मोटर थोडी वर कलती अडकवून चालवण्याची सोय) कलती ठेवली, तर पाणी बरे असेल तेव्हा ती निघेल. मागे बसणाऱ्याने सुकाणूच्या दांड्याला जोडनळी लावून मधल्या आसनावर बसावे. त्याने मिळणारे दोन-तीन सेंटिमीटर अशा ठिकाणी निर्णायक ठरतात.

शाफ्ट (इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा) अर्थातच आखूड, १५ इंचांचा घ्यावा. वीस इंचांचा शाफ्ट तुमच्या फळीवर पाच इंच विनाकारण खाली लोंबेल.

उत्तर २: खळाळ

जेटविषयी लिहितो, कारण उथळ पाणी म्हटले की तिचेच नाव प्रथम निघते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात वॉटरजेटची होडी विकसित केली, ती तिथल्या वेगवान आणि उथळ, गोट्यांच्या नद्यांसाठीच. आउटबोर्ड जेटमध्ये पंख्याऐवजी बंद कवचातले चक्र पाणी खालून खेचून मागे फेकते, त्यामुळे तळाखाली जवळजवळ काहीच उरत नाही. होडी वेगाने पाण्यावर तरंगत सरकू लागली की फार थोड्या पाण्यावरून ती निघून जाते.

पण हा फायदा वेग असेपर्यंतच टिकतो. जेटला त्याच इंजिनावरच्या पंख्याच्या तुलनेत सुमारे तीस टक्के शक्ती गमवावी लागते, म्हणजे १५ हॉर्सपॉवरच्या इंजिनातून तुम्हाला दहाच्या आसपास मिळतील. दोन माणसे आणि सामान घेऊन ही होडी तेवढ्यावर पाण्याच्या वर उचलली जाईल, असा भरवसा मी देणार नाही. त्यासाठी अधिक मोठे इंजिन लागेल, आणि पाटीवरची मर्यादा ओलांडणे हा मार्ग असूच शकत नाही. वेग नसताना जेटची होडी इतर होडीसारखीच बसते, शिवाय तळाशी असलेली जाळी रेव आणि गवत ओढून घेते. चक्र आणि कवच यांच्यातली फट एक मिलिमीटरहूनही कमी ठेवावी लागते. वाळूने ती वाढली की ढकलण्याची ताकद घटत जाते. थ्रॉटल (वेग कमी-जास्त करणारी मूठ) सोडला की सुकाणूही जवळपास निकामी होते, कारण होडी वळते ती झोताच्या जोरावर. मोठी होडी, लांब अंतर आणि सलग उथळ पात्र असेल, तर जेटला तोड नाही. तुमच्या होडीसाठी मी ती सुचवणार नाही.

उत्तर ३: धारेविरुद्ध

पहिल्या उत्तरातला हिशेब मला मान्य आहे, पण प्रवाहाचा वेग त्यात आलेला नाही. जी होडी पाण्याच्या वर उचलली जात नाही, तिचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो: पाण्याला टेकलेल्या लांबीचे फुटांतले वर्गमूळ गुणिले १.३४ एवढे नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). तेरा फुटांसाठी हे ताशी नऊ किलोमीटरच्या आसपास येते. सहा हॉर्सपॉवरवर दोघांना घेऊन तुम्ही याच पट्ट्यात राहाल, आणि समोरून ताशी सहा किलोमीटरची धार आली की हातात तीनच उरतील.

म्हणून आधी धार मोजा. काठावर २० मीटर अंतर आखा, लाकडाचा तुकडा सोडा आणि त्याला लागलेले सेकंद मोजा. ही मोजणी डोहात आणि खळाळावर वेगवेगळी करावी. सगळीकडे धार जोरकस निघाली, तर १५ हॉर्सपॉवरचा पर्याय उघडा ठेवावा, कारण ती मोटर ही होडी पाण्याच्या वर उचलू शकते. तिच्यासह उथळात शिरताना थ्रॉटल एकदम सोडू नका. होडी बसते, मागून येणारी लाट मागच्या भागाला गाठते आणि नेमका त्याच क्षणी पंखा सर्वांत खाली असतो. अनोळखी खळाळावरून वेगाने जाणे तर टाळावेच. अ‍ॅल्युमिनियमचा पंखा वाकून धक्का पोटात घालतो. स्टेनलेस स्टीलचा पंखा तोच धक्का गिअरपर्यंत पोहोचवतो, म्हणून गोट्यांच्या नदीत मी अ‍ॅल्युमिनियमचाच लावीन.

उत्तर ४: पाणगवत

लाँगटेलमध्ये हवेने थंड होणारे साधे इंजिन आणि लांब तिरका शाफ्ट असतो. थंड करायला नदीचे पाणी आत घ्यावे लागत नाही, त्यामुळे गाळ, वाळू आणि गवत यांचा तिला फारसा त्रास होत नाही, आणि पंखा दांड्याने क्षणात वर उचलता येतो. गाळाच्या पात्रात मी तिलाच पहिली पसंती देईन. तिचा आवाज मात्र मोठा असतो, आणि वळायला बरीच जागा लागते.

विजेची मोटर ही डोहात होडी एका जागी धरून ठेवण्यासाठी उत्तम आहे, चार किलोमीटर धारेविरुद्ध जाण्यासाठी नव्हे. ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर ओढते, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दोन तास चालते; शिशाची बॅटरी निम्मीच वापरणे हिताचे, तेव्हा प्रत्यक्षात एक तास. तेवढ्या क्षमतेच्या शिशाच्या बॅटरीचे २५ ते ३० किलो वजनही हिशेबात धरा आणि ती पुढच्या भागात ठेवा.

पुन्हा प्रश्नकर्ता: डोहकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धार मोजली. डोहांमध्ये २० मीटरला ३५ ते ४० सेकंद लागतात, खळाळावर १२ सेकंद. खळाळ लांबीने लहान आहेत; बहुतेक एका होडीच्या चार-पाच पट लांबीचे.

उत्तर ५: वल्हेकरी

म्हणजे डोहात धार ताशी दोन किलोमीटरच्या आसपास आहे आणि खळाळावर सहा. वाटेचा बहुतांश भाग डोहांचा असल्यामुळे सहाच्या मोटरीने तुम्ही पाऊण तासाच्या आसपास वर पोहोचाल, आणि पाणी कमी असेल तेव्हा खळाळ तसेही मोटर उचलूनच ओलांडायचे आहेत. मी सहाच घेईन. एकाच कंपनीच्या ४, ५ आणि ६ हॉर्सपॉवरच्या मोटरी पुष्कळदा एकाच इंजिनावर बांधलेल्या असतात आणि वजनही सारखेच असते, त्यामुळे चारची घेऊन काही वाचत नाही.

दुकानात पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या स्वतः हात लावून पाहाव्यात. उथळ पाण्याची खाच आहे का आणि त्या खाचेत इंजिन थंड करायला पाणी ओढणारी छिद्रे पाण्याखाली राहतात का, हे तपासा. मोटर कलती असताना बाजूने पडणारी पाण्याची बारीक धार थांबली, तर इंजिन लगेच बंद करायचे असते. पुढे जाताना मोटर खाली अडकवून धरणारे कुलूप सुटे राहते आणि गोट्याला आदळल्यावर मोटर आपोआप वर उडते, याची खात्री करून घ्या. पंख्याला तुटणारी पिन (आदळल्यावर स्वतः तुटून गिअर वाचवणारी) असेल, तर जादा पिना आणि पक्कड होडीतच ठेवा. वाळूच्या पाण्यात थंड करणाऱ्या पंपातले रबरी चक्र लवकर झिजते, म्हणून ते सहज बदलता येते का, हेही विचारा. इंजिन बंद करण्याची दोरी (ओढली गेली की इंजिन थांबते ती) प्रत्येक वेळी मनगटाला बांधा.

खळाळावर उतरून होडी ओढताना दोरी पुढच्या टोकाला बांधा आणि दोघांपैकी कोणीही होडीच्या खालच्या अंगाला, म्हणजे धार जिकडे वाहते त्या बाजूला, उभे राहू नका. पाण्याने भरलेली होडी धारेत दोन माणसांनाही आवरत नाही.