उत्तर: पनामाचा रॅब वृक्षबेडूक नेमका कशाने गेला?

हा बेडूक जंगलतोडीमुळे संपला, असं काहीजण म्हणतात. पनामातल्या एल व्हाये दे अँतोन गावाजवळ घरांसाठी झाडं तुटली हे खरं, पण घात केला बेडकांना रोग लावणाऱ्या कायट्रिड बुरशीने. ती २००६ च्या सुमारास तिथे पोचली. डिसेंबर २००७ नंतर रानात या बेडकाचा आवाज ऐकू आला नाही.

ही बुरशी बेडकाच्या कातडीतल्या केराटिनवर (नखं-केसांत असतं ते प्रथिन) वाढते. शरीरातल्या क्षारांचं गणित बिघडतं, शेवटी हृदय थांबतं. तिला १७ ते २५ अंश तापमान मानवतं, म्हणजे धुक्याचं जंगल अगदी सोयीचं! टॅडपोलच्या (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या) फक्त तोंडात केराटिन असतं, म्हणून ते तगतात आणि बेडूक झाल्यावर मरतात.

इट्राकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाच्या ०.०१ टक्के द्रावणात बेडकाला रोज ५ मिनिटं, ११ दिवस ठेवायचं, हा इलाज आहे. पण पुन्हा रानात सोडला की लागण पुन्हा.

मग पकडून ठेवलेल्या बेडकांची पैदास का नाही जमली? मादी झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्याच्या जरा वर अंडी चिकटवून निघून जाते. राखण नराची, टॅडपोल त्याच्याच पाठीची कातडी खरवडून खातात. असं अन्न डब्यात कुठून आणणार? शेवटची मादी २००९ मध्ये गेली, अमेरिकेत अटलांटातल्या वनस्पती उद्यानातला शेवटचा नर 'टफी' सप्टेंबर २०१६ मध्ये.