मदत हवी आहे: भावाच्या फिटच्या गोळ्या बंद करून फक्त प्रार्थना चालू आहे, आईला कसं समजवू?

सर्वांना सलाम. आम्ही नगर जिल्ह्यातले प्रोटेस्टंट. धाकट्या भावाला लहानपणापासून फिट येतात. गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात होतं. मी नोकरीसाठी पुण्यात असते.

गेल्या उन्हाळ्यापासून आई शेजारच्या गावातल्या उपवास-प्रार्थनेला जायला लागली. तिथे प्रार्थना चालवणाऱ्या ब्रदरनी सांगितलं की हा आजार नाही, मुका आत्मा, म्हणजे बोलू न देणारं भूत आहे. हे आत्मिक युद्ध आहे आणि गोळी घेणं म्हणजे सैतानाला दार उघडं ठेवणं. झालं, गोळ्या बंद. मग मोठी फिट आली, तर म्हणे आत्मा निघताना झटका देतोच, बायबलमधला मार्क ९ वाचा. म्हणजे फिट आली नाही तर बरा झाला, आली तर बरा होतोय. यावर वाद घालायचा कसा?

प्रार्थनेने माणूस बरा होतो हे मीही मानते. मला प्रार्थना थांबवायची नाहीये, गोळी सुरू करायची आहे. आमच्या घरात वचनाला वचनानेच उत्तर द्यावं लागतं, म्हणून शोधलं. मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्यांत भूतग्रस्त वेगळे आणि फेफरेकरी, म्हणजे फिट येणारे, वेगळे मोजलेत. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, भूत काढ म्हणून नाही. पण आई लगेच मत्तय १७ उघडते. तिथे फेफऱ्याच्या मुलातून येशू भूतच काढतो. इथे माझी बोलती बंद होते.

सगळ्यात जास्त लागलं ते भावाचं. तो म्हणतो, "ताई, माझाच विश्वास कमी पडतोय." आजारही त्याचा आणि दोषही त्यालाच!

कुणी अशातून गेलंय का? आईला न दुखावता काय करता येईल?

प्रतिसाद १
ताई, मी नर्स आहे. वचनांचं नंतर बघा. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर एकामागून एक फिट येऊ शकतात, त्यात जीवही जातो. आजच त्याच्या डॉक्टरांना फोन करा. किती डोसने परत सुरू करायचं ते तेच ठरवतील, राहिलेल्या गोळ्या एकदम देऊ नका. घरात सगळ्यांना सांगून ठेवा: फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल.

प्रतिसाद २
सरळ पोलिसांत जा. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे.

प्रतिसाद ३
मी वसईचा, कॅथलिक. आमच्यात भूत काढण्याचा मोठा विधी कुणीही उठून करू शकत नाही. बिशपने खास परवानगी दिलेला धर्मगुरूच करतो. १९९९ च्या सुधारित विधीतही आजारी माणसाला, विशेषतः मानसिक आजार असलेल्याला, झपाटलेला समजू नका अशी ताकीद आहे. तुमची मंडळी (चर्च) वेगळी, पण याकोब ५:१४ तुमच्याही शास्त्रात आहे. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. बाहेरून आलेल्या ब्रदरला नव्हे! तुमच्या पाळकांनाच (पास्टरना) घरी बोलवा. मुलीने सांगितलेलं आईला उद्धटपणा वाटतो, पाळकांचं ती ऐकेल. आणि तुमच्याच जिल्ह्यातलं जामखेड विसरलात का? डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे खेड्यापाड्यांतलं आरोग्याचं काम सुरू केलं, तेही ख्रिस्ती श्रद्धेतूनच. त्यांनी औषध आणि प्रार्थना यांत भांडण लावलं नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पोलिसांचं म्हणाल तर आईवर केस करू का मी? ते नको. डॉक्टरांशी बोलले, गोळी आज रात्रीपासून सुरू. भावाने स्वतःच हो म्हटलं, आई गप्प आहे. जामखेडचं आईला नक्की पटेल, माझ्या आजीचे डोळे तिकडेच तपासले होते. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब आणि मंडळीतले एक वडील घरी येणार आहेत. तोवर मत्तय १७ चं कुणी नीट उलगडून सांगेल का? आई तो अध्याय काढणारच.