‘मास्तर मला खवळले’ : चूक की बरोबर?

कानामात्रा
कोल्हापूरकडच्या एका कथेचं मुद्रितशोधन चालू आहे. ‘मास्तर मला खवळले’ असं चार ठिकाणी आलंय. समुद्र खवळतो, जमाव खवळतो, पित्त खवळतं, हे ठाऊक आहे. पण ‘मला खवळले’? ‘माझ्यावर खवळले’ करू, की ‘मास्तरांनी मला खवळलं’?

कृष्णाकाठ
दोन्ही करू नका! कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे खवळणे म्हणजे सरळ रागे भरणे. ‘आई मला रागावली’मध्ये जसं ‘ने’ लागत नाही, तसंच इथेही. क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं: मास्तर खवळले, आई खवळली, दादा खवळला.

‘माझ्यावर’ केलंत तर अर्थच हलतो. ‘वर’ने राग कळतो, ‘ला’ने बोलणी. ‘दोन दिवस माझ्यावर खवळून होता, पण चकार शब्द बोलला नाही’ हे चालतं. ‘मला खवळला, पण काही बोलला नाही’ हे तिकडच्या कानाला खटकतं, कारण कुणाला खवळायचं तर तोंड उघडावं लागतं.

आणि बाईच्या तोंडी ‘मी पोराला लई खवळलो’ आलं, तर त्याचं ‘खवळले’ करू नका. कोल्हापुरात बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. हे बदललं की पात्राचा आवाजच जातो.

नाखवा
समुद्राचं निघालंय म्हणून. ‘उधाण आलं’ आणि ‘समुद्र खवळला’ हे एक नव्हे. उधाण भरतीचं, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं. खवळणं मुख्यतः वाऱ्यालाटांचं. ऐन पौर्णिमेला पाणी भरपूर चढूनही दर्या शांत असू शकतो, आणि वादळात तो ओहोटीलाही खवळलेला असतो. हवामानाच्या इशाऱ्यातला ‘खवळलेला’ तर मोजून वापरतात: लाटा साधारण २.५ ते ४ मीटर. ४ ते ६ मीटर असतील तर ‘अतिखवळलेला’. बातमीत हे शब्द अदलाबदल करून टाकू नयेत, होडी घालायची की नाही ते त्यावर ठरतं.

मात्रावळसा
पित्ताला मात्र दोन अर्थ आहेत. ‘जागरणाने पित्त खवळलं’ म्हणजे आंबट ढेकर, डोकेदुखी. ‘त्याचं बोलणं ऐकून पित्त खवळलं’ म्हणजे संताप. कारण वाक्यात नसेल तर वाचक अडखळतो, तेव्हा ते आधी येऊ द्या. भुकेचंही असंच तोलून लिहावं. फोडणीच्या वासाने भूक चाळवते; दिवसभर उपाशी राहिल्यावर ती खवळते.

कानामात्रा
मनापासून आभार. त्या चारपैकी दोन जागा संवादात आहेत, दोन निवेदनात. निवेदनातल्याही तशाच ठेवू?

कृष्णाकाठ
निवेदन कुणाचं आहे ते पाहा. ‘मी’ म्हणणारा त्याच गावचा मुलगा असेल तर चारही ठेवा. उरलेलं निवेदन प्रमाण मराठीत असेल, तर त्या दोन जागा लेखकाला दाखवा. ‘रागावले’ करायचं की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या.