पार्टी ड्रग्जनंतरची घबराट, उदासी, संशय: कुठवर थांबायचं, दवाखान्यात कधी न्यायचं?

मदतकक्ष
रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांमध्ये मदतीला थांबणाऱ्या स्वयंसेवकांसाठी एक पानाचं टिपण करतोय. तीन ठिकाणी अडलंय. समोरचा माणूस नुसता घाबरलाय की शरीराचं काही बिघडलंय, हे कसं ओळखायचं? एमडीएमए म्हणजे एक्स्टसीच्या गोळीनंतर येणारी उदासी किती दिवस चालू द्यायची? आणि ज्यांना डिप्रेशनची गोळी चालू आहे त्यांना काय सांगायचं? नुसतं ‘घेऊ नका’ म्हटलं की पोरं ऐकत नाहीत, कारण सांगावं लागतं.

अपघातविभाग
आधी अंगाला हात लावा, मनाचा विचार नंतर. त्याला स्वतःचं नाव, आपण कुठे आहोत, आज वार कोणता, हे विचारा. नुसती घबराट असेल तर छाती धडधडत असतानाही उत्तरं बरोबर येतात. उत्तरं चुकत असतील आणि अंग भाजत असेल तर ताबडतोब अँब्युलन्स बोलवा. जबडा आणि पाय ताठ होणं, अंग थरथरणं ही पुढची लक्षणं. गुडघा जरा वाकवून पाऊल झटकन वर दाबलं आणि ते आपोआप थडथड उडत राहिलं, तर मेंदूतलं सेरोटोनिन (मूड सांभाळणारं रसायन) प्रमाणाबाहेर वाढल्याची ती खूण आहे.

अँब्युलन्स येईपर्यंत जादा कपडे काढा, अंगावर पाणी मारून वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप मेंदूने वाढवलेला नसतो, स्नायूंच्या उष्णतेने चढलेला असतो, त्यामुळे गोळीने उतरत नाही. चौघांनी मिळून दाबूनही धरू नका, झटापटीत अंग आणखी तापतं.

उलट बाजूही लिहा. एमडीएमएमुळे शरीर लघवी रोखून धरतं. त्यात भीतीपोटी बाटल्यांवर बाटल्या पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम घसरतं. मग डोकेदुखी, उलट्या, गोंधळ, शेवटी फिट. बघणाऱ्याला वाटतं, जास्त चढलीय. नाचत असेल तर तासाला साधारण अर्धा लिटर, बसून असेल तर पाव लिटर, तेही घोट घोट.

दारूबरोबर जीएचबी (गुंगी आणणारी नशा) घेऊन कुणी घोरत पडला असेल तर ‘झोपू दे त्याला’ म्हणून निघून जाऊ नका. कुशीवर वळवा, अँब्युलन्स बोलवा आणि शेजारी बसून श्वास मोजत राहा.

औषधखिडकी
तिसऱ्या प्रश्नाचं बोलतो. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन ही डिप्रेशनची औषधं सेरोटोनिनचा जो मार्ग अडवतात, एमडीएमएला पेशीत शिरायला तोच लागतो. त्यामुळे एमडीएमएची गोळी ‘लागत नाही’ आणि माणूस दुसरी घेतो, तिसरी घेतो. मजा वाढत नाही, पण हृदयावरचा ताण आणि अंगातली उष्णता वाढत जाते.

‘मग चार दिवस आधी औषध बंद करतो’ हा हिशेब तर अजिबात चालू देऊ नका. फ्लुओक्सेटिन अंगात काही आठवडे राहतं. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन ही डिप्रेशनचीच औषधं, ती एकदम थांबवली तर चक्कर, डोक्यात विजेचे झटके आल्यासारखं वाटणं, चिडचिड सुरू होते आणि मूळ आजारही उलटू शकतो.

मोक्लोबेमाइड, फेनेल्झिन या गटातल्या (एमएओआय नावाच्या) डिप्रेशनच्या औषधांबरोबर एमडीएमए जीवघेणं आहे. ट्रामाडॉल हे वेदनाशामक आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं खोकल्याचं औषध, हेही त्याच यादीत लिहा. लिथियम (मनाच्या तेजी-उदासीच्या आजाराचं औषध) चालू असताना एलएसडी किंवा मशरूम घेतल्यावर फिट आल्याच्या नोंदी आहेत. शिवाय दारू आणि कोकेन एकत्र गेलं की यकृतात कोकाएथिलीन तयार होतं. ते कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकतं आणि हृदयाला जास्त घातक असतं.

मनोविकार
उदासीबद्दल. एमडीएमएची उदासी बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येते आणि आठवड्याच्या आत ओसरते. यात गोळीइतकाच बुडालेल्या झोपेचा, उपाशी पोटाचा आणि दारूचा हात असतो. दोन आठवडे झाले तरी ओसरली नाही तर डॉक्टर गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर त्याच दिवशी, वाट पाहायची नाही.

संशय आणि भास यांना वेगळं मोजा. अ‍ॅम्फेटामिन या जागं ठेवणाऱ्या नशेनंतर, विशेषतः जागरणं झाली असतील तर, ‘माझ्यावर कुणी पाळत ठेवतंय’, ‘कातडीखाली किडे फिरताहेत’ असं वाटू लागतं. शांत जागा आणि झोप मिळाली की हे बहुतेकदा काही दिवसांत जातं. पण भास होत असताना दवाखान्यात दाखवाच, घरी बसून दिवस मोजू नका. नशा पूर्ण थांबून महिना उलटला तरी भास चालूच असतील तर मूळ आजाराचा शोध घ्यावा लागतो. गांजाचं तर आणखी गंभीर आहे. त्यातून आलेल्या सायकोसिसनंतर (भास-संशयाच्या झटक्यानंतर) पुढे स्किझोफ्रेनियाचं निदान होणारे बरेच जण असतात. घरात कुणाला हा आजार किंवा बायपोलर (तेजी-उदासीचा आजार) असेल, किंवा वय विशीच्या आतलं असेल, तर धोका जास्त.

एक प्रश्न टिपणात ठळक लिहा: ‘दोन रात्री झोप नाही, तरी थकवा जाणवत नाही का?’ नशा उतरलेला माणूस गळून जातो. गळत नसेल, बोलणं थांबत नसेल, पैसे उधळत असेल, तर मॅनिया (मनाची बेफाम तेजी) सुरू झालाय असं समजून दवाखान्यात न्या.

मदतकक्ष
खूप उपयोग झाला. टेस्ट किटने गोळी तपासली असेल तर ती सुरक्षित धरायची का?

औषधखिडकी
नाही. रंग बदलला म्हणजे तो पदार्थ आत आहे एवढंच कळतं. किती आहे, सोबत आणखी काय आहे, ते नाही. एमडीएमएच्या नावाखाली विकलं जाणारं पीएमएमए तर उशिरा चढतं, म्हणून ‘हलकी आहे’ समजून दुसरी घेतली जाते. गोळी उरली असेल तर पाकिटासकट डॉक्टरांकडे द्या. काय घेतलं, किती वाजता घेतलं, रोजची औषधं कोणती, हे चिठ्ठीवर लिहून तिला जोडा.