जावाच्या बाटिकवर तडे नाहीत, मग ते खरे कसे मानावे?

तापीकाठ (चोपडा):
माझा भाचा कामानिमित्त इंडोनेशियात जावा बेटावरील योग्यकर्ता येथे गेला होता. त्याने तिथून माझ्यासाठी सुती बाटिकचे, म्हणजे मेणाने नक्षी झाकून रंगवलेले, अडीच मीटर कापड ‘हातकाम’ म्हणून आणले. आमच्या घरी उज्जैनजवळच्या भेरूगढची बाटिकची चादर कित्येक वर्षांपासून आहे. तिच्या अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा आहेत, आणि बाटिकची खूण तीच, असे मी आजवर समजत आले. या कापडावर तशी एकही रेष नाही. सायीच्या रंगावर निळसर-तपकिरी तिरपे, नागमोडी पट्टे तेवढे आहेत. शेजारच्या वहिनी म्हणतात की हे मिलचे छापील कापड आहे. वैशाखात पुतणीचे लग्न असून तिला हे आहेरात द्यावे असा विचार होता. खरे-खोटे कसे ओळखावे?

जुना चित्रकला शिक्षक (अमळनेर):
ताई, तडे नाहीत म्हणून शंका घेऊ नका. मेण चिरते आणि त्या चिरेतून रंग आत शिरतो, तेव्हा ती रेष उमटते. भेरूगढचे कारागीर मेण लावलेले कापड मुद्दाम चुरगळून ती आणतात. जावात मात्र चांगल्या कामात तो दोष मानला जातो. म्हणून तिथे मेणात राळ मिसळून ते चिवट ठेवतात. तांब्याची इवलीशी वाटी, तिला चोचीसारखी तोटी आणि धरायला बांबूची मूठ, अशा ‘चांटिंग’ नावाच्या हत्याराने कढत मेणाची रेघ ओढली जाते. तोटी तुंबली की कारागीर बाई तिच्यावर फुंकर घालते, आणि मग पुन्हा रेघ सुरू होते. एक बाजू संपली की कापड उलटून त्याच रेघा मागूनही मेणाने गिरवतात, आणि रंगकाम संपल्यावर कापड उकळत्या पाण्यात टाकून मेण काढतात. त्यामुळे अशा कापडाची उलट बाजू सुलटीइतकीच स्पष्ट असते, तर साध्या छापील कापडाची पाठ फिकी पडते. आधी ते पाहा.

रंग थंडच लागतो, नाहीतर मेण सुटते. एकदा मे महिन्यात शाळेच्या पत्र्याच्या खोलीत मी मुलांकडून बाटिक करून घ्यायला गेलो आणि आपल्या उन्हाने मेण इतके मऊ पडले की सगळ्या मोरांचे डाग झाले. तेव्हापासून तो धडा मी दिवाळीनंतरच घेत असे.

आलवण (धरणगाव):
गुरुजींनी सांगितले त्यात एक भर घालतो. सगळे हातकाम चांटिंगचेच नसते. एकोणिसाव्या शतकात तांब्याच्या पट्ट्या वळवून केलेले ठसे आले. ते मेणात बुडवून कापडावर उमटवतात. त्याला तिथे ‘चाप’ म्हणतात, आणि आपल्या ‘छाप’शी असलेले त्याचे साम्य कानालाच जाणवते. चापही खरेच बाटिक आहे, फक्त हाताने रेखलेल्या ‘तुलिस’पेक्षा स्वस्त. वीतभर अंतरावर नक्षी तंतोतंत परत येते का आणि दोन ठशांच्या सांध्यात रेघ किंचित सरकते का, ते बघा.

माझे कुतूहल मात्र रंगाकडे जास्त आहे. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरील जुन्या बाटिकचा तांबडा रंग ज्या मेंगकुडू झाडाच्या मुळांतून निघे, तेच आपले आल होय. कृत्रिम रंग येण्यापूर्वी खानदेशच्या काळ्या जमिनीतही रंगासाठी आलाची लागवड होत असे. आपल्याकडे त्यातून विधवांचे आलवण रंगले आणि तिकडे सणासुदीची वस्त्रे रंगली, याचे मला नेहमी नवल वाटते.

सातपुडा (शहादा):
तिरपे नागमोडी पट्टे म्हणजे बहुधा ‘पारांग’ नक्षी असावी. योग्यकर्त्याच्या राजवाड्याने एके काळी ती सामान्यांना वर्ज्य ठरवली होती. जावात लग्नात ती नेसत नाहीत, कारण तिने नवराबायकोत कलह होतो असा समज आहे. वधूवरांचे आईवडील तिथे ‘त्रुंतुम’ ही बारीक ताऱ्यांची नक्षी नेसतात. आपल्याला तो नियम लागू नाही, तरी आहेरात द्यायचे म्हणून सांगितले.

तापीकाठ (चोपडा):
सर्वांचे आभार. दिवाणखान्याच्या खिडकीत कापड धरून पाहिले. पाठ पुढच्यासारखीच गडद आहे. दर वितीला पट्टा तसाच परत येतो आणि दोन ठिकाणी रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी सरकलेली आहे, म्हणजे चापच. एका कोपऱ्यात मेणाचा थेंब पडून राहिलेला पांढरा ठिपकाही सापडला. वहिनींना तो दाखवला, तेव्हा त्यांनी मिलचा विषय सोडला. पुतणीला पैठणीच देईन, हे माझ्या पलंगावर राहील.