घरातला साधा स्विच बसवताना: तुमचे अनुभव लिहा

दिव्याचा एक स्विच बदलायचा म्हटलं तर काम छोटंच, दोन वायरी आणि दोन स्क्रू. पण बोर्डाची प्लेट काढल्यावर आत काय निघेल ते प्रत्येक घरात वेगळं. ज्यांनी स्वतः बसवलाय किंवा वायरमनच्या शेजारी उभं राहून नीट बघितलंय त्यांनी सविस्तर लिहा. नुसतं "मेन बंद करा" नको, बंद केल्यावर खात्री कशी केलीत तेही लिहा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

*

आमच्या बेडरूममधला एलईडी बल्ब बंद केल्यावरही अंधारात मिणमिणत राहायचा. बल्ब बदलला, तरी तेच. स्विचला इंडिकेटर असेल तर त्यातून जाणाऱ्या जराशा करंटनेही असं होतं म्हणे, पण आमच्या स्विचला इंडिकेटरच नव्हता. मग वायरमनला बोलावलं. त्यांनी स्विच बंद ठेवून बल्ब काढला आणि होल्डरच्या पिनांना टेस्टर लावला, तर एका पिनेवर टेस्टर पेटला! म्हणजे स्विच न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर) बसवलेला आणि फेज (करंट आणणारी वायर) सरळ होल्डरपर्यंत गेलेली. दिवा बंद दिसतोय म्हणून कोणी बल्ब बदलायला गेलं आणि बोट पिनेला लागलं तर शॉक बसणारच, आणि तो माणूस बिचारा स्विच बंद करूनच चढलेला असणार. स्विचने तोडायची ती फेजच, न्यूट्रल थेट दिव्याला, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. मूळ गोंधळ त्या खोलीच्या बोर्डात वायरी येतात तिथेच होता, फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले, त्यामुळे प्लगमध्येही उलटंच. सगळं सरळ केल्यावर मिणमिणणं गेलं.

*

रंगावर जाऊ नका एवढं मी आधी सांगेन. जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. नव्यात बऱ्याच ठिकाणी तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. पण हाताशी जी गुंडाळी होती तीच वायर ओढलेली घरं मी बघितलीत. आणि स्विचपासून दिव्याकडे जाणारी वायर काळी असली तरी स्विच चालू केला की ती फेजच असते ना.

*

मी वायरमन आहे, हेच काम रोज करतो. एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारा, मेन बोर्डातला स्विच) पाडला की टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून बघतो, पेटला म्हणजे टेस्टर ठीक, मग ज्या वायरीला हात लावायचाय तिथे, आणि परत एकदा त्या चालू पॉइंटवर. मधल्या वेळात टेस्टरच गेला असेल तर कळायला नको का? निऑनचा टेस्टर उन्हात नीट दिसत नाही, कधी शेजारच्या वायरीमुळे उगाच मंद पेटतो, म्हणून मी मल्टीमीटरपण ठेवतो. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर एमसीबी पाडूनही बोर्डात करंट असू शकतो, मी विचारल्याशिवाय प्लेट उघडत नाही.

आता वायर जोडणं. इन्सुलेशन साधारण 8 ते 10 मिलिमीटर सोलायचं, तांब्याच्या तारा तुटू द्यायच्या नाहीत, मग पीळ देऊन टर्मिनलमध्ये पूर्ण आत घालायच्या, एकही तार बाहेर लोंबता कामा नये आणि स्क्रूखाली इन्सुलेशनही दाबलं जाता कामा नये. स्क्रू आवळला की वायर धरून जरा ओढून बघायची. हलली तर परत. स्विच गरम होणं, चर्रचर्र आवाज, जळका वास, यातल्या कितीतरी तक्रारी शेवटी ढिल्या स्क्रूवरच येऊन थांबतात. दिव्याला 6 अँपिअरचा स्विच आणि 1.5 चौरस मिलिमीटरची वायर पुरते, पण त्या स्विचवर गिझर-इस्त्री चालवायला मागू नका, मी देत नाही.

*

जुना स्विच काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला टेपचा तुकडा लावून नंबर घाला. आमच्या बोर्डात पहिल्या स्विचच्या एका टर्मिनलमध्ये दोन वायरी होत्या. एक फेज येणारी आणि दुसरी लूप होऊन पुढच्या स्विचला जाणारी. त्यातली एक बाहेर राहिली असती तर पुढचे सगळे स्विच मेले असते. टेपमुळे मला तिथे विचारच करावा लागला नाही.

*

जिन्यात खालून लावायचा आणि वरून बंद करायचा दिवा मी वायरमनकाकांकडून शिकून, ते उभे असताना जोडला. त्याला टू-वे स्विच लागतो, मागे तीन टर्मिनल, मधलं कॉमन (प्रत्येक कंपनीत मधलंच असेल असं नाही, मागचं छापलेलं वाचा). खालच्या स्विचच्या कॉमनला फेज, वरच्याच्या कॉमनवरून दिव्याला, आणि उरलेल्या दोन-दोन टर्मिनलना जोडणाऱ्या दोन वायरी. काकांनी आधी कागदावर काढायला लावलं आणि चारही स्थितींत फेज कुठे पोचते ते बोट फिरवून म्हणून घेतलं, तेव्हा ते असं डोक्यात बसलं की नंतर वायरी जोडताना एकदाही कागद बघावा लागला नाही.

*

प्रश्न आहे. प्लेट काढली तर आतल्या वायरी पांढरट आहेत, तांब्याच्या नाहीत, आणि एकीचं इन्सुलेशन हात लावल्यावर कडकन तुटलं. नवा स्विच लावून टाकू का?

*

वरचा वायरमनच. नका लावू. ती ॲल्युमिनियमची असावी आणि इन्सुलेशन वाळलेलं आहे, पाईपात आतपर्यंत तसंच असणार. तांब्याची वायर तिला नुसता पीळ देऊन तर अजिबात जोडू नका, तो जोड ढिला होऊन तापतो. एमसीबी पाडूनच ठेवा, त्या पॉइंटची वायर बदलून घ्या, मग स्विच.