साठीनंतर शेअर बाजार शिकतोय, ऑप्शनमध्ये ८७ हजार गेले. पुढे काय करू?

कोलबाडकर:

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कोलबाडला राहतो. वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ३४ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. २०२४ च्या मे महिन्यात साठ पूर्ण झाली आणि बाहेर पडलो. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून हातात ४३ लाख आले. पेन्शन ईपीएसची (पीएफसोबतची पेन्शन योजना), महिना ३,४६० रुपये. खाजगीत नोकरी केलेल्यांना हा आकडा नवीन नाही. पगार कितीही वाढला तरी आमच्यासारख्या बहुतेकांचं पेन्शन आधी ६,५०० आणि २०१४ नंतर १५ हजार एवढाच पगार धरून निघालं. सगळी रक्कम घराखालच्या एकाच सहकारी बँकेत साडेसहा टक्क्यांनी एफडीत ठेवली. व्याज आणि पेन्शन मिळून महिन्याला पावणेसत्तावीस हजार येतात. औषधं धरून खर्च २९ हजार. महिन्याला सव्वादोन हजार कमी पडतात आणि ते बचत खात्यातून निघतात.

दुसरी अडचण पैशांची नाही. सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारून साडेआठला घरी येतो, त्यानंतर दिवस रिकामा. ३४ वर्षं सकाळी सव्वासातला पंच केलेल्या माणसाला हे फार जड जातं. तलावावरच्या एका ओळखीच्यांनी ट्रेडिंगच्या क्लासचं सुचवलं. स्टेशनजवळ, शनिवार-रविवार, १८ हजार फी. तिथे चार्ट शिकवले, मग ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काचे सौदे. "महिन्याला पाच-सहा हजार तर आरामात" हे वाक्य पहिल्याच दिवशी कानावर पडलं आणि माझा सव्वादोन हजारांचा खड्डा डोळ्यांपुढे आला.

चार महिन्यांत ८७ हजार गेले. एक दिवस सविस्तर सांगतो, कारण तो अजून मनातून जात नाही. नोव्हेंबरमधला मंगळवार, निफ्टीची (५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) एक्स्पायरी, म्हणजे त्या ऑप्शनचा शेवटचा दिवस. सकाळी साडेनऊला ११२ रुपयांच्या भावाने कॉलचे, म्हणजे निफ्टी वर जाईल या बाजूच्या ऑप्शनचे, तीन लॉट घेतले. तेव्हा एक लॉट (गठ्ठा) ७५ चा होता, म्हणजे एकूण २५,२०० रुपये. बाजार पडला नाही. निफ्टी दिवसभर वीस-तीस पॉइंटांत खालीवर होत राहिला. आणि माझा कॉल ११२ चा ८५ झाला, ६०, ३१. ही जेवायला हाक मारत होती, मी उठलो नाही. पावणेतीनला भाव ४ रुपये होता. माझा अंदाज चुकला असता तर समजू शकलो असतो. इथे काहीच झालं नाही आणि तरी पैसे संपले. मुदत सरत जाते तसा प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, वितळतो, हे क्लासमध्ये एका ओळीत सांगून पुढे गेले होते.

त्याच काळात दुसरंही एक काम करत होतो. आम्ही जिचं फोर्जिंग (ठोकून घडवलेले धातूचे भाग) वापरायचो ती कंपनी बाजारात नोंदलेली आहे. तिचा वार्षिक अहवाल एक्सचेंजच्या साइटवरून फुकट मिळाला. झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून पेन्सिल घेऊन बसलो. विक्री ९ टक्क्यांनी वाढलेली, पण ग्राहकांकडची येणी ४० टक्क्यांनी. मी तिथेच थांबलो. आमच्याकडे ३१ मार्चच्या संध्याकाळी काय चालायचं ते मला माहीत आहे. टार्गेट गाठायला माल गेटबाहेर काढायचा, बिल फाडायचं, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तोच माल रिजेक्शनचा टॅग लावून परत माझ्या टेबलावर. त्या कंपनीतही तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण तो शेअर घेतला नाही. त्या दिवशी संध्याकाळ कधी झाली ते कळलं नाही.

प्रश्न असा: ट्रेडिंग नीट शिकून तोटा भरून काढावा, की सोडावं? आणि सोडलं तर त्या सव्वादोन हजारांचं काय करू? आमच्या हिचं म्हणणं आहे की बाजाराचं नावच काढू नका.

वाशी सेक्टर ९:

साहेब, सोडा. मी हे तिरस्काराने म्हणत नाही, मी स्वतः सात वर्षं ब्रोकरच्या ऑफिसात बॅक ऑफिसला होतो. रोज संध्याकाळी ग्राहकांची खाती बघायचो. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये आकडे काढले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. बाजूला शेअरमध्ये इंट्राडे (त्याच दिवशी घेणं-विकणं) करणारे, त्यातही दहापैकी सात तोट्यात. तुम्ही कमी शिकलात म्हणून हरला नाहीत. "तोटा भरून काढतो" म्हणूनच पुढचे दोन लाख जातात, हे मी खूप घरांत बघितलं आहे.

एक काम मात्र विसरू नका. एफ अँड ओ चा तोटा धंद्यातला तोटा धरतात. आयटीआर-३ (धंद्याचं उत्पन्न दाखवायचा आयकराचा फॉर्म) मुदतीच्या आत भरा, म्हणजे उरलेला तोटा पुढे ८ वर्षं ओढता येतो. क्लासवाले हे सांगत नाहीत.

माजी कॅशिअर, नेरूळ:

भाऊ, तुमचं सगळं दोनदा वाचलं. मी ३१ वर्षं बँकेत काउंटरला होते, २०१९ ला निवृत्त झाले, तेव्हा ही परिस्थिती आतून ओळखते.

पहिलं तातडीचं. ४३ लाख एकाच बँकेत ठेवू नका, मॅनेजर कितीही चांगले असोत. ठेव विमा एका बँकेत एका माणसाला, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाखांपर्यंतच आहे. २०२० च्या आधी तर तो १ लाखच होता. बँकेवर निर्बंध आले की काउंटरच्या पलीकडे म्हातारी माणसं कशी उभी असतात ते मी पाहिलं आहे. त्यावर जास्त लिहवत नाही.

सव्वादोन हजारांचं उत्तर बाजारात नाही, पोस्टात आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना. साठ पूर्ण झालेल्याला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज दर तिमाहीला खात्यात. २०२३ मध्ये मर्यादा १५ वरून ३० लाख झाली तेव्हा मी दुसरं खातं उघडलं, दर ८.२ टक्के होता. उघडताना जो दर असेल तो पाचही वर्षं कायम राहतो. ८.२ ने ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिन्याला २०,५००. एफडी मोडण्याआधी दंड किती आणि पोस्टात आजचा दर काय, दोन्ही विचारून कागदावर मांडा. सरकारी बँकांतही हे खातं उघडतं. कर बसत नसेल तर तसा फॉर्म द्यायला विसरू नका, नाहीतर व्याजातून टीडीएस (आगाऊ कर) कापतील.

आता बाजार. तुमच्या घरच्यांना माझा नमस्कार सांगा, पण मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता आणि ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली गेला. माझे म्युच्युअल फंड निम्म्याहून खाली आले. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा २१ हजारांच्या आसपास पोहोचला. मी थांबू शकले, कारण १ तारखेला पगार येत होता. धीर वगैरे माझ्यात फार नव्हता. मग २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३५ अंकांनी पडला तेव्हा मी निवृत्त होते. त्या दिवशीही एक युनिट विकलं नाही, कारण दोन वर्षांचा खर्च एफडीत वेगळा होता आणि मला विकायची गरजच नव्हती. निवृत्त माणसाने बाजारात तेवढेच पैसे घालावेत जे पाच-सात वर्षं लागणार नाहीत. तुमच्या बाबतीत मी तीन लाखांच्या वर जाणार नाही. त्यातले दोन निफ्टी ५० च्या साध्या इंडेक्स फंडात (निर्देशांकातल्या सगळ्याच कंपन्यांत पैसे लावणारा फंड), तेही एकदम नाही, महिन्याला दहा-दहा हजार करून.

उरलेला एक लाख तुमच्या पेन्सिलीचा. भाऊ, ३१ मार्चच्या संध्याकाळचं तुम्ही जे लिहिलंत ना, ते वाचून मी चहा खाली ठेवला. आमच्याकडे कर्ज विभागातली मुलं येणी बघायची, पण गेटबाहेर गेलेला माल एप्रिलमध्ये परत येतो हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नसायचं. तुम्हाला रिकाम्या दिवसाला काम हवं होतं आणि ते सापडलेलं आहे. वर्षाला दहा अहवाल वाचा, नऊ नाकारा. तुम्ही आयुष्यभर तेच केलंत. सोबत सेबीची गुंतवणूकदार प्रमाणपत्र परीक्षा द्या, एनआयएसएम या सेबीच्या शिक्षणसंस्थेकडून होते, ऑनलाइन आणि फुकट. ही संस्था आपल्या पनवेलजवळ पाताळगंगेला आहे. १८ हजार लागत नाहीत. मीही निवृत्तीनंतर दिली.

घोडबंदरचा मुलगा:

काका, मी तुमच्या मुलाच्या वयाचा आहे. एकच गोष्ट सांगायची आहे, कारण क्लासमध्ये तुमचा नंबर गेला आहे आणि तुम्हाला आता फोन येणार.

माझ्या बाबांना व्हॉट्सअॅपवर एका ग्रुपमध्ये घातलं. रोज नफ्याचे स्क्रीनशॉट, एक "मॅडम" रोज सकाळी विचारपूस करायच्या. आई गेल्यानंतर बाबांशी रोज बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, मीही नाही. त्यांनी एक अॅप दिलं. बाबांनी चार लाख भरले, अॅपवर १९ लाख दिसत होते. काढायला गेले तर म्हणाले आधी दहा टक्के टॅक्स भरा. तो भरल्यावर बाबांनी मला सांगितलं.

काका, खरे शेअर सीडीएसएल नाहीतर एनएसडीएल या शेअर सांभाळणाऱ्या संस्थांकडे असतात. व्यवहार झाला की त्यांचं स्टेटमेंट थेट तुमच्या ईमेलवर येतं. तिथे त्या शेअरचं नाव नसेल तर शेअर नाहीत. पैसे काढण्यासाठी आधी टॅक्स कुठलाही खरा ब्रोकर मागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकरांना "व्हॅलिड" शब्द असलेला यूपीआय आयडी मिळतो, तो बघूनच पैसे पाठवा. आणि काही झालंच तर त्याच तासाला १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येतात. बाबांनी नऊ दिवस लाजेने काढले. घरात काकूंना सगळं सांगत राहा.

कोलबाडकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण पोस्टात आणि बँकेत फेऱ्या चालू होत्या.

ताईंनी सांगितलं तसं कागदावर मांडलं. ८७ हजार आणि फी गेल्यावर सुमारे ४२ लाख उरतात. ३० लाख पोस्टात. दर विचारून आलो, ८.२ धरला तर महिन्याला २०,५००. ९ लाख दोन बँकांत साडेचार-साडेचार, त्याचे ४,८७५. उरलेले तीन ताई म्हणाल्या तसे बाजारासाठी. पेन्शन ३,४६०. बेरीज २८,८३५. म्हणजे १६५ रुपये कमी. चार महिने ज्या खड्ड्यासाठी स्क्रीनपुढे बसलो तो १६५ रुपयांचा होता. ही बेरीज हिने स्वतः दोनदा केली आणि मग म्हणाली, "पेपर एक बंद करूया." एफडी मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडं कापलं जाईल, ते चालेल.

वाशीकर साहेब, ब्रोकरच्या अॅपमधून एफ अँड ओ चा विभाग बंद करून घेतला. तो बंद करता येतो हेच माहीत नव्हतं.

घोडबंदरच्या बाळा, तुझ्या बाबांना माझ्यातर्फे सांग, कचराळीला सकाळी सातला आम्ही सहा-सात जण असतो. रिक्षाने आले तरी चालेल. मी खरंच वाट बघतो. तुझं वाचल्यावर हिला शेजारी बसवून डीमॅटचा (शेअर ठेवायच्या खात्याचा) पासवर्ड, पिन, सगळं एका वहीत लिहिलं. ती वही कपाटात गॅसच्या पुस्तकाखाली आहे.

परवापासून दुसरा अहवाल घेतला आहे, बेअरिंगवाल्या कंपनीचा, २१२ पानं. ऑडिटरच्या टिपा आधी वाचायच्या असं ठरवलंय, आमच्याकडेही ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली बारीक टीप आधी वाचायची पद्धत होती.

ताई, एक शेवटचं: माझ्या डीमॅट खात्यात हिचं नाव जॉइंट होल्डर म्हणून घालता येईल का? फक्त नॉमिनी आहे.

माजी कॅशिअर, नेरूळ:

आधीच उघडलेल्या डीमॅट खात्यात नाव वाढवता येत नाही भाऊ. दोघांच्या नावे नवीन खातं उघडून शेअर तिकडे हलवावे लागतात. तुमच्याकडे अजून शेअर जवळजवळ नाहीतच, तेव्हा आत्ताच करून टाका. जाताना दोघांचं पॅन, आधार आणि एक कॅन्सल चेक न्या, आणि वहिनींना सोबत न्या. सही त्यांचीही लागेल.